मोटारखान्यातली नाव

"बसतंय की! जरा कलतं घ्या."

सुभेदार उजव्या हाताचा पंजा ताणून समोरची वस्तू वितीनं मोजल्यासारखं करायचे आणि हे बोलायचे. आम्ही सांगलीत बिऱ्हाड केलं, तेव्हा माझं लोखंडी कपाट स्वयंपाकघराच्या दारात अडकलं होतं. हमाल कंटाळून विडी ओढायला बसले होते. शेजारच्या खोल्यांतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस आला, वीत टाकून पाहिली आणि म्हणाला, "बसतंय, बाई." कपाट आत गेलं, पण दाराच्या चौकटीची एक कड बरोबर घेऊन गेलं. सुभेदारांच्या लेखी ते बसलंच होतं.

टांग्यात माणसं, ट्रंकेत गाद्या, डब्यात लाडू, सगळं त्यांच्या मते बसायचं. निम्म्या वेळा बसायचं नाही. त्यानं ते खट्टू होत नसत. असा माणूस तुमच्याही शेजारी कधीतरी राहिला असेल. त्याच्यावर रागावता येत नाही, आणि त्याला मदतीला बोलवायचीही भीती वाटते.

ते वकीलसाहेबांचं आवार होतं. वकील पुण्याला राहायला गेले होते. आमचे हे त्यांचे कारकून, म्हणून आम्हाला मागच्या खोल्या मिळाल्या होत्या. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. पलीकडच्या खोल्यांत सुभेदार आणि काकी. मधे मोटारखाना. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, तशी वकिलांनी मोटार विकून टाकली होती आणि मोटारखाना रिकामा पडला होता. त्याची एक भिंत माझ्या स्वयंपाकघराची होती.

काकी नवऱ्याशी बोलत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. कारण त्या बोलत होत्या, पण माझ्याकडे बघून. "बाई, त्यास्नी म्हणावं पाणी तापलंय." सुभेदार तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत. ते उत्तर देत, "आलो." काकींना ते ऐकू गेलेलं नसे. मी शाळेत गेले की हे काम त्यांच्या शेळीकडे असायचं. "भाकरी झाल्या म्हणावं गं," असं त्या शेळीला सांगत, आणि सुभेदार हात धुवायला उठत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. कारण कळल्यावर पुन्हा आलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा आनंदा सैन्यात होता. सुभेदारांनी स्वतः त्याला साताऱ्याला नेऊन भरती केलं होतं. तो सिंगापूरला गेला, सिंगापूर पडलं, आणि सरकारकडून एवढंच कळलं की तो बेपत्ता आहे. त्या दिवशी काकी सुभेदारांना म्हणाल्या होत्या, "तुमी धाडला. तुमीच आणा." त्यानंतर त्यांनी नवऱ्याकडे तोंड करून शब्द काढला नव्हता.

सांगलीला नदीवर पूल झालेला होता, तरी वरच्या बाजूच्या गावांची येजा नावेनंच चालायची. तिथल्या तरीच्या, म्हणजे नावेच्या फेऱ्यांच्या, मक्तेदारानं नवी नाव केली आणि जुनी काठावर पालथी टाकून दिली. सुभेदार रोज फिरायला जात, तेव्हा त्या नावेभोवती एक फेरी मारून येत. दिवाळी झाली, नदी उतरली, थंडी पडली, आणि एका सकाळी आवारात बैलगाडी शिरली. गाडीवर नाव होती.

"ही कुठं ठेवणार?" मी विचारलं.

"मोटारखान्यात. थंडीत नीट करून घेतो. पावसात लाकूड फुगतंय, उन्हाळ्यात तडकतंय. हेच दिस बरं."

"पण ही दारातून जाईल?"

त्यांनी पंजा ताणला. पुढचं मला ठाऊक होतं.

नाव आडवी कलती केली. सुभेदार आत जाऊन टोक धरून उभे राहिले. बाहेरून गाडीवाला, त्याची माणसं आणि आमचे हे रेटू लागले. आतून हुकूम येत होते, "हां, जरा डावीकडं! येऊ द्या! आली!" निम्मी नाव आत गेली. मग मधली रुंद बाजू चौकटीत शिरली, करकर आवाज झाला आणि नाव थांबली. पुढं जाईना. मागं ओढली, मागं येईना. सगळ्यांनी मिळून जोर लावला, तेव्हा वरचे पत्रे हलले आणि माती पडली. गाडीवाला म्हणाला, "आता हात लावू नगा. छप्पर अंगावर यील."

नाव दारात आणि सुभेदार आत. फटीतून त्यांचा हात तेवढा बाहेर येत होता. मोटारखान्याला दुसरं दार नव्हतं. मागच्या भिंतीला गजांची एक लहान खिडकी होती, बस. सुतार मिरजेला लग्नाला गेला होता, उद्या सकाळी येणार होता.

आवारात हसण्याला ऊत आला. आमचे हेसुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसत होते. आतून सुभेदार म्हणाले, "हासा, हासा. नाव तर आली न्हवं घरात?"

मी शाळेतून परत आले, तेव्हा माणसं पांगली होती. काकी माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. मी म्हटलं, "द्या, मी देते." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमचा सैपाक व्हायचाय." आणि त्या मोटारखान्याच्या मागं गेल्या.

मी चूल पेटवली. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. भाकरी गजांतून आत गेली. तांब्या जाईना. मग काकींचा आवाज आला.

"वंजळ करा."

हे शेळीला सांगितलेलं नव्हतं. मी फुंकणी खाली ठेवली. पाणी ओतल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"कोंडल्यावर कसं वाटतंय?" काकींनी विचारलं.

सुभेदारांनी आधी पाणी पिऊन घेतलं. मग म्हणाले, "वळखीचं वाटतंय."

"म्हंजी?"

"मागल्या लढाईत तुर्कांनी धरलं हुतं आमास्नी. अशीच खोली हुती. खिडकी बी हीच येवढी. दिसभर नदीवर नेऊन फुटक्या नावा नीट करून घ्यायची. सांजंला परत आत."

"कवा बोलला न्हाईसा ते."

"काय बोलायचं? जित्ता आलो हुतो न्हवं."

पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज.

"तवा तुमी मेलासा म्हणून कुणी तरी गावात सांगितलं हुतं," काकी म्हणाल्या. "तुमची आत्या माझ्या बांगड्या फोडाय आली. म्या न्हाई फोडू दिल्या. गोठ्यात जाऊन आतनं कडी घातली आन् बसून ऱ्हायले."

"हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं? जित्तं आला हुतासा न्हवं."

सुभेदार हसले असावेत. खोकल्यासारखा आवाज आला.  मी भात उतरवला आणि पुन्हा तशीच उभी राहिले. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मला कळत होतं, पण मुलींना शिकवलेल्या सगळ्या गोष्टी माणूस पाळतोच असं नाही.

"आनंदा यील का?"

हा प्रश्न काकी सगळ्यांना विचारत. मला विचारत, भाजीवालीला विचारत, देवळातल्या गुरवाला विचारत. सगळे म्हणत, येणार, येणार. दुसरं काय म्हणणार? ज्याला विचारायचं त्याला त्यांनी आज पहिल्यांदा विचारलं होतं.

"मला न्हाई ठावं," सुभेदार म्हणाले. "माझ्या संगतीची लय पोरं आली न्हाईत."

"मग त्याला धाडताना हे ठावं हुतं तुमास्नी."

"व्हय. ठावं हुतं."

"मग?"

"मला वाटलं, माझं पोरगं यील."

काकी रडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. मला वाटलं, त्या उठून जातील. त्या तिथंच बसून राहिल्या. दिवे लागायच्या वेळी मी कंदील घेऊन मागं गेले, तर त्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि आतली वाकळ नीट ओढून घ्यायला नवऱ्याला सांगत होत्या. गजांतून वाकळ आत कशी कोंबली होती, त्यांनाच ठाऊक.

सकाळी सुतार आला. त्यानं चौकट बघितली, पत्रे बघितले आणि म्हणाला, "चौकट काढायची तर आदी छप्पर उतरवाय लागंल. न्हाई तर नावंची ही बरगडी कापतो."

"नावंला करवत लावायची न्हाई," आतून आवाज आला.

"तुमी गप ऱ्हावा," काकी म्हणाल्या. "काप रं. बरगडी परत बशीवता येती."

आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. आवारातला प्रत्येक जण काकींकडे बघत होता. सुताराला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं करवत चालवली, नाव सैल झाली आणि सरकन आत गेली. सुभेदार बाहेर आले. मिशांवर जळमट होतं. उन्हात येऊन त्यांनी डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. काकींनी पदरानं जळमट पुसलं. शेळीची नोकरी त्या दिवसापासून सुटली.

ती थंडी त्या दोघांनी मोटारखान्यातच काढली. नवी बरगडी बसली. काकी अंबाडीचे तंतू पिळून देत, सुभेदार ते फळ्यांच्या सांध्यांत ठोकून बसवत आणि वरून डांबर फिरवत. माझ्या भाजीला, आमटीला डांबराचा वास येई. काकी आता अखंड बोलत. डांबर पातळ झालं, खिळा वाकडा गेला, पाठीला वारा लागेल, कोट घाला. इतक्या दिवसांचं साठलेलं बोलणं होतं ते. आनंदाचं नाव मात्र त्यात येत नसे.

नाव त्याच थंडीत नीट झाली होती. सुतारानंही येऊन तसं सांगितलं. पण सुभेदारांना एखादी फळी मऊ लागायची. ती काढून दुसरी बसवायची, की पावसाळा यायचा. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा कुलूप निघायचं आणि पुन्हा एखादी फळी मऊ लागायची. मी एकदा विचारलं, "सुभेदार, पाण्यात कधी सोडायची?"

"ही येक फळी बगा. हितं नख बुडतंय."

मी नख लावून पाहिलं. लाकूड दगडासारखं होतं. मी म्हटलं, "हो, जरा मऊ आहे खरी."

तुम्हाला सांगते, त्या मोटारखान्याकडे बघितलं की माझा जीव गुदमरायचा. वर्तमानपत्रात कुठली शहरं पडत, कुठली घेतली जात. देशात एवढ्या उलथापालथी चालल्या होत्या, सातारा तर पेटलेला होता. इथं मात्र पत्र्याखाली एक नाव, एक म्हातारा होत चाललेला माणूस आणि अंबाडी पिळणारी बाई. काम संपलं तर नुसती वाट बघत बसावं लागेल, म्हणून ते संपू द्यायचं नाही. सुभेदार कुठं जात नसत. भाचीच्या लग्नाला गेले नाहीत, गावच्या जत्रेला गेले नाहीत. "आमी तिकडं, आन् हिकडं कोण आलं तर?" एवढंच म्हणत.

लढाई संपली. आसपासच्या गावांत पोरं परतू लागली. कुठं हलगी वाजे, कुठं बैलगाडीतून मिरवणूक निघे. हलगी ऐकू आली की काकी हातातलं काम टाकून फाटकाशी जात.

मग एका दुपारी तो मुलगा आला. विट्याकडच्या एका खेड्यातला होता, आनंदाच्याच पलटणीतला. अंगातला सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. तो फाटकातच थांबला आणि विचारू लागला, "सुभेदारांचं घर हेच का?" त्याचा चेहरा बघूनच आम्हाला कळलं होतं. काकींनाही कळलं असणार. पण त्यांनी त्याला पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला.

"आदी जेव."

तो जेवला. मान खाली घालून, हळूहळू, ताटातला कण न् कण वेचून. काकी समोर बसून वाढत होत्या. सुभेदार दारात उभे होते. हात धुतल्यावर त्यानं सांगितलं. जपान्यांनी त्यांना लांब कुठल्या तरी बेटावर नेलं होतं. तिथं तापानं आनंदा गेला. त्याला जाऊनही बराच काळ झाला होता. या मोटारखान्यात फळ्या बदलल्या जात होत्या, तेव्हाच कधीतरी.

"त्याच्यापाशी कोण हुतं?" काकींनी विचारलं.

"मी हुतो, आई."

काकींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "तेवढं बरं झालं," त्या म्हणाल्या. सुभेदार वळले आणि मोटारखान्यात जाऊन त्यांनी आतून दार लावून घेतलं. या वेळी काकी खिडकीकडे गेल्या नाहीत. त्या दारावर थाप मारत राहिल्या. "आवं, उगडा. मला बी आत घ्या." दार उघडलं. दोघं संध्याकाळपर्यंत आत होते. भिंतीपलीकडून मला जे ऐकू आलं, ते मी लिहिणार नाही.

पुढच्या आठवड्यात सुतार आला. त्यानं छपराला टेकू दिले आणि अख्खी चौकट उपटून काढली. वकिलांना कोणी विचारलं नाही. नाव सरळ, कलती न करता बाहेर आली. उजेडात ती काळी कुळकुळीत दिसत होती.

सुभेदारांनी ती तरीच्या मक्तेदाराला फुकट देऊन टाकली, फक्त एक अट घातली. पहिली फेरी त्यांची. त्यांचं गाव नदीपलीकडे कराडच्या वाटेला होतं. खोल्या सोडून ते कायमचे तिकडे निघाले होते. पुलावरून गाडी गेली असती, पण नाही, नावेतूनच जायचं होतं.

आम्ही पोचवायला काठावर गेलो. काकी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "बाई, या कवा तरी गावाकडं." मग लुगडं सावरून नावेत बसल्या. इतकी वर्षं त्या नावेपाशी बसून काम केलेली बाई पाण्यावर पहिल्यांदाच बसत होती. दोन्ही हातांनी तिनं कड घट्ट धरली होती. सुभेदारांनी वल्हं घेतलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांची नजर तळाकडे होती, पाणी येतंय का ते बघत असावेत. आलं नाही.

पलीकडे बैलगाडी उभी होती. त्यांनी बोचकी उतरवली, काकींना हात देऊन उतरवलं. झाडांआड गाडी दिसेनाशी झाली.

थोड्या वेळानं नाव परत आली. आता मक्तेदाराचा नावाडी वल्हवत होता. तीत हळदीची पोती होती, माहेराहून येणारी एक बाळंतीण होती, आणि एक म्हातारा नावाड्याशी हुज्जत घालत होता की त्याला मधेच का बसवलं. काठाला लागताच सगळे घाईघाईनं उतरले आणि सांगलीच्या बाजाराकडे चालू लागले.