पाणी अडवलं की

पनवेलच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मी सांगितल्याप्रमाणे पाणी पीत बसलो होतो. डाव्या कुशीतली कळ मुतखड्याची, जंतुसंसर्गाची की नुसती उसण, ते आत कळणार होतं. शेजारी उरणकडच्या एक आजी होत्या. प्रत्येक घोटाआधी त्या कोपऱ्यातल्या बाथरूमच्या दाराकडे बघायच्या.

“मिठागरात आमी पानी अडवतो, मंग उन्हात खडा धरतो,” त्या म्हणाल्या. “माज्या अंगात पन तसाच धरला.”

कळेच्या गुंगीत समोरची पांढरी भिंत मिठागर होऊन दूरवर पसरत गेली. कुठे एक झुडूपही नव्हतं.

“तिथे प्यायला पाणी नसायचं?”

“असायचं की. पन आडोसा नाय. बाईनं जायचं कुठं? म्हनून दिवसभर प्यायचीच नाय.”

त्यांनी पुन्हा त्या दाराकडे बघितलं आणि बाटली तोंडाला लावली.