सपनाच्या अक्षरांचा अंतरपाट

आमच्या सपनाला कुणी 'कलाकार' म्हटलं की ती चिडते. "मी पत्रिका लावते," म्हणते. मुलुंडला माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे आणि कॉम्प्युटरवर सपना बसते. कांजूरमार्गहून येते. आली की आधी चहा, मग कुणाशी बोलणं. स्वभाव तिखट, पण अक्षर! अहो, काय सांगू तुम्हाला!

इंग्रजी पत्रिकांवर ते वळणदार, शेपट्या लांबवलेलं झोकदार अक्षर असतं ना, तसंच मराठीत हवं म्हणून गिऱ्हाइकं आमचं डोकं खायची. मिळायचं ते सगळं ओढूनताणून केलेलं. एके दिवशी सपना म्हणाली, "ऋताताई, मीच काढते." आणि बोरू घेऊन बसली की हो! कागदावर अक्षर काढायचं, स्कॅन करायचं, मग कॉम्प्युटरवर घासूनपुसून त्याचा फॉन्ट करायचा. साधी अक्षरं झाली, पण जोडाक्षरांनी तिचा जीव खाल्ला. तिचा नवरा वैतागून म्हणायचा, "घरी पण क्ष आणि ज्ञच का?" बाई हटली नाही.

फॉन्ट तयार झाला. पत्रिकेवर, पेढ्यांच्या बॉक्सवर, बारशाच्या कार्डावर, दाराच्या पाटीवर, लावू तिथे झकास दिसायचा. लोक 'वा, किती सुंदर' म्हणायचे आणि पत्रिका पर्समध्ये टाकायचे. सपनाला तेच खुपायचं. "बघतात सगळे, वाचत कुणीच नाही. न वाचता येणारं अक्षर काय चाटायचंय?" फॉन्ट बाजारात काढावा म्हणून मी मागे लागले, तर ही अडून बसली. "भर मांडवात लोकांनी वाचून दाखवलं तर काढू. नाहीतर डिलीट करीन." करणार होती हो, मी ओळखते तिला!

मग आमच्याकडे प्रांजलच्या लग्नाचं काम आलं. मूळची मालवणकडची माणसं, आता भांडुपला राहतात. तिच्या सुगंधा आत्याने घरचं मंगलाष्टक रचलं होतं. ते अंतरपाटावर दोन्ही अंगांनी छापून हवं होतं. सपनाने पहिला अंतरपाट केला, आम्ही तो गच्चीत दोरीवर लावला. समोरच्या इमारतीतल्या श्वेताला मी ओरडून सांगितलं, "वाच गं!" तिने डोळे बारीक केले. "अगं, वाचू काय? वेली काढल्यायत ना नुसत्या!"

लागली वाट!

चूक आमच्या धंद्याचीच. पत्रिका हातात धरून बघायची, म्हणून सपनाने प्रत्येक अक्षराला नाजूक शेपूट दिलेलं. पण अंतरपाट दोघं धरणार, त्याला झोळ पडणार. बारीक रेषा सुरकुत्यांत गडप झाल्या, शेपट्या एकमेकींत अडकल्या. सपना तडक कामाला लागली. शिरोरेघ ठसठशीत केली. शेपट्या सपासप छाटल्या, शब्दाच्या शेवटी तेवढी एक ठेवली. वेलांट्यांना मात्र मोकळं सोडलं, कारण अक्षराचा सगळा नखरा तिथेच होता. पुन्हा गच्चीत लावून बघायला वेळ उरला नाही, कापड थेट मांडवात गेलं.

लग्नात आम्ही दोघी नवरीच्या बाजूला उभ्या होतो. मधे अंतरपाट, पलीकडे नवरा सुशांत आणि त्याची माणसं. भटजींचं म्हणून झालं, तशी सुगंधा आत्याने माईक घेतला. पहिली ओळ छान झाली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी प्रांजलच्या आईचं, राधाचं नाव होतं. राधा आता नाही. आत्या त्या नावाआधीच अडली, माईक खाली घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. प्रांजल खाली मान घालून उभी. भटजी घड्याळ बघायला लागले. सपनाने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

तेवढ्यात सुशांतकडच्या गर्दीतून, पार मागून, एक म्हातारा आवाज आला. अंतरपाटावरची दुसरी ओळ, चालीसकट! कोण होते ते मला आजवर कळलेलं नाही. मग त्यांच्या शेजारचे म्हणू लागले, मग आमच्या बाजूच्या बायका. ज्यांनी ते मंगलाष्टक जन्मात ऐकलं नव्हतं, ती माणसं कापडावरून धडाधड वाचत होती. एक शब्द कुठे अडला नाही. राधाचं नाव दोन्ही बाजूंनी एकदम आलं आणि प्रांजलने मान वर केली.

'सावधान' तर असं दणकलं की विचारू नका. अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली.

"वाचलं, ताई! वाचलं त्यांनी!" सपना रडतही होती, हसतही होती.

"वाचलं गं माझे आई! आता तरी काढायचा ना बाजारात?"

"काढा! सगळ्या मुंबईला वाचू दे!" असं म्हणून त्या बयेने हातातल्या मूठभर अक्षता नवरा-नवरीला सोडून माझ्याच डोक्यावर टाकल्या.