गल्लीचं भलं

"पोरगी वकिली शिकतीया, पर तोंडातनं शब्द फुटत न्हाय," बाहेरच्या खोलीत कुणीतरी हळूच म्हणालं. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते.

आमच्या गल्लीतल्या तालमीची, म्हणजे गणपती मंडळाची, माणसं आली होती. गणपतीत डॉल्बी दरवर्षी आमच्याच दारासमोर लागतो; गल्ली तिथंच काय ती रुंद आहे. बाबांची बायपास झालेली. गेल्या वर्षी ठोका सुरू झाला की ते छातीशी उशी दाबून भिंतीकडे तोंड करून पडायचे. म्हणून यंदा आवाज कमी ठेवा, एवढंच आईनं सांगितलं होतं.

"काकू, आख्ख्या गल्लीची हौस हाय. एकट्या काकांसाठी पोरांस्नी काय सांगू?"

"आणि पलीकडची तालीम हसंल की आमास्नी!"

"त्यापेक्षा गणपतीभर काकांस्नी वडगावला सोडूया, त्यांच्या बहिणीकडं. गाडी माझी. एसी हाय, काका!"

सगळे हसले. बाबाही हसले.

कॉलेजात तेव्हा नॅचरल लॉ चालू होतं. कॉमन गुड म्हणजे बहुतेकांच्या सुखाची बेरीज नव्हे. प्रत्येकाला माणूस म्हणून नीट जगता यावं, अशी स्थिती सगळ्यांनी मिळून राखायची, ते कॉमन गुड. त्यातून एकालाही वगळलं की उरते ती बाकीच्यांची सोय. परीक्षेत मी हे छान लिहिलं होतं, इंग्रजीत. त्या खोलीत मला मराठी शब्द सापडेनात. कॉमनला सामाईक म्हटलं की भिंत आठवत होती, सार्वजनिक म्हटलं की नळ.

शब्द सापडले असते तरी काय झालं असतं? बाबाच म्हणाले, "बरोबर आहे पोरांचं. गल्लीचं भलं ते आपलं भलं." तरुणपणी मांडवाचे बांबू त्यांनी खांद्यावरून आणलेले. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती करत नव्हतं, आणि मला भीती त्याचीच वाटली. त्यांचं भलं खरोखरच या गल्लीत होतं. गल्लीच्या भल्यात मात्र ते कुठं नव्हते. हे त्यांना दिसत नव्हतं, आणि दाखवायची माझ्यात हिंमत नव्हती.

त्यांनी आईला बॅग कुठाय म्हणून विचारलंसुद्धा.

पहिल्या आरतीचा मान दरवर्षी बाबांचा असतो. जायला उठताना तालमीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ थांबले. मनापासून म्हणाले, "तुझ्या बाबांचा मान दुसऱ्या कुणाला जाणार न्हाय. यंदा आरतीचं ताट तू धर, बाळ."

बाबांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होते की मला मान वर करवेना.

"नको काका," मी म्हणाले. "मी बाबांबरोबर जातेय. आईपण. घराला कुलूप असेल."