‘स्ट्रोम’च्या नोंदीखालचं नाव

“ही टीप कुणाची?” संपादकांनी प्रूफ वाचता वाचता विचारलं.

“माझीच,” मी म्हणालो.

आमचा जर्मन-मराठी कोश छापायला निघाला होता. मी लोणावळ्यात अनुवादाची कामं करायचो. कोशाच्या निम्म्या नोंदी माझ्याकडे होत्या. नोंद म्हणजे एक शब्द आणि त्याखाली त्याचा अर्थ, मूळ, उदाहरण. ‘स्ट्रोम’पुढे मी ‘मोठी नदी’ एवढंच लिहून अडकलो होतो.

माझ्या ओळखीचा शकूर बेगडेवाडीचा, देहूरोडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. जर्मन मशिनांची मॅन्युअलं वाचता वाचता भाषा शिकला आणि मग शब्दांच्या मागेच लागला. हा शब्द मी त्याला विचारला. चार दिवसांनी त्याने टीप लिहिलेलं कार्ड आणून दिलं. साधी नदी ती ‘फ्लुस’. जी मोठी नदी थेट समुद्राला मिळते, तीच काटेकोर अर्थाने ‘स्ट्रोम’. मूळ ‘वाहणे’ या अर्थाचं. संस्कृतातला ‘स्रोत’ त्याच मुळातून आलेला.

“भाऊ, आपली इंद्रायणी न्हाई बसत यात,” तो हसत म्हणाला. “ती भीमेला मिळती, भीमा कृष्णेला. जर्मन मानूस समुद्राचा दाखला मागतो.”

कोशातली ही सगळ्यात चांगली नोंद, असं संपादक म्हणाले. फिटरचं नाव सांगितलं तर विद्वान हसतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण ती शाबासकी.

प्रत हातात आल्यावर शकूरने आधी ते पान उघडलं. मग सुरुवातीची, मदत करणाऱ्यांच्या नावांची यादी वाचली. “छपाई झ्याक झालीय,” एवढंच म्हणाला. पुन्हा त्याने एकही कार्ड आणलं नाही. मीही मागितलं नाही.

यंदा तो गेला. कोशाची नवी आवृत्ती निघतेय. आता संपादक असलेल्या बाईंना मी सगळं लिहून कळवलं. नाव घालायचं त्यांनी मान्य केलं. ते सांगायला मी बेगडेवाडीला गेलो.

शकूरच्या बायकोने फडक्यात बांधलेला कोश काढला. भाभींना वाचता येत नाही.

“ह्यात नाव आलंय म्हनायचे. पाव्हण्यांना लय कौतुकानं दाखवलं मी. कुटं हाये, तेवढं बोट ठेवून दाखवा.”

मी पान काढलं. नाव नाही, ते मीच येऊ दिलं नाही, असं सांगितलं.

“म्हंजे ते खोटं बोलले व्हय?”

“खोटं मी बोललो, भाभी.”

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर घेतलं. फडकं बांधलं नाही.

दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होते. घरात असते ती जुनी प्रत. टीप कुणाची, हे विचारतात त्याच दिवशी सांगावं.