येसाजी गांवकार आणि रानात अडकलेले कॅमेरे

येसाजीला फारसं बोलता येत नाही, आणि गांवकारकीला ते सोयीचंच पडतं. नंदिगड्डे गावाच्या वरच्या अंगाला मूठभर घरांची त्याची वाडी. वाडीमागं देवाचं रान. रानात देव म्हणजे एक काळा दगड. त्या दगडाची पूजा, रानाची राखण आणि गावातल्या तंट्यांचा निवाडा, हे सगळं गांवकारानं बघायचं. पगार नाही. मान आहे, तोही शिमग्याला पहिला नारळ फोडण्यापुरता.

रानाचा नियम पोरासोरांनाही पाठ आहे. आतलं काही बाहेर आणायचं नाही. पडलेलं पान नाही, सुकलेली काटकी नाही. प्रसादाचा नारळ आतच फोडायचा आणि आतच खाऊन संपवायचा. हातात धरलेलं, अंगावर असलेलं आपलं; एकदा ते झाडाला किंवा जमिनीला टेकलं की देवाचं. पंचायतीचा मेंबर महाबळेश्वर एकदा पूजेच्या वेळी छत्री फांदीला अडकवून बसला. ती छत्री अजून तिथंच आहे. बाहेर पडताना शिवेच्या दगडापाशी लुगडं, पँट, टॉवेल सगळं झटकायचं, म्हणजे चिकटलेलं कुसळसुद्धा मागं राहतं. जळवा तेवढ्या नियम मोडून बाहेर येतात, पण त्यांना कोण सांगणार?

अलीकडे या भागात जनावरांपेक्षा जनावरांची चौकशी करणारेच जास्त दिसतात. वनखात्याच्या कुळगी कॅम्पाकडून येतात, धारवाडहून येतात. बसतात, चहा घेतात आणि विचारतात, "निसर्गाशी तुमचं नातं काय?" येसाजी थोडा विचार करून सांगतो, "शेजारी हाय." ते खूश होऊन जातात. येसाजीला त्यात खूश होण्यासारखं काय ते आजवर कळलेलं नाही.

पण ही गोष्ट त्यांची नाही. ही येसाजीच्या थोरल्या बहिणीची, गिरजाक्काची आहे.

गिरजाक्काला खालच्या आळीतच दिली होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते. मागच्या पावसाळ्यात तिच्या घराचं आढं वाळवीनं पोकळ केल्याचं उघडकीस आलं, आणि तिनं खाली वासा टेकवून छप्पर कसंबसं धरून ठेवलं. त्याच पावसात देवाच्या रानातलं किंदळाचं एक जुनं झाड वाऱ्यानं आडवं झालं. त्याची एक फांदी आढ्याला नेमकी बसली असती.

"येसू, एक फांदी दे," गिरजाक्का म्हणाली. "कुजूनच जाणार हाय."

"कुजू दे. देवाची हाय," येसाजी म्हणाला.

खरं तर अशा पेचात देवाला कौल लावायची रीत आहे. दगडाच्या उजव्याडाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचं व्हय, डावी पडली तर न्हाई. येसाजीनं कौल लावला नाही. नियम सरळ असताना देवाला कशाला त्रास, असं त्यानं गावाला सांगितलं. मनातली भीती वेगळीच होती. सख्ख्या बहिणीसाठी कौल लावला आणि तो उजवा आला, तर लोक म्हणणार, गांवकारानं पाकळी सैल चिकटवली.

गिरजाक्का उठून गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी काहीच बोलली नाही. चवथीला येसाजीच्या बायकोनं, बाळीनं, तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं; ती आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते कुत्र्याला घातलं. येसाजीला ते फार लागलं. पण गांवकाराला लागलेलं दिसता कामा नये, म्हणून तो गोठ्यात जाऊन म्हशीवर ओरडला.

दिवाळीनंतर प्राजक्ता आली. ही रामनगरची पोर. बापाचं टायरचं दुकान, मूळ खानापूरकडची मंडळी. ती बेंगळूरात वन्यजीवांवर संशोधन करते. देवाच्या भीतीनं राखलेल्या रानात जनावरं जास्त टिकतात, की वनखात्याच्या पाटीनं राखलेल्या, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी झाडांना कॅमेरे बांधायचे. समोरून काही गेलं की ते आपसूक फोटो घेतात.

देवाच्या रानात नवी वस्तू जायची म्हटल्यावर कौल लावणं आलंच. येसाजीनं पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "आत न्हेऊ द्यायचे का?" उजवी पाकळी पडली. प्राजक्तानं कॅमेरे झाडांना पट्ट्यांनी आवळून बांधले आणि ती गेली. बाहेर काढायचं कुणी विचारलंच नाही. त्या रानातून काही बाहेर काढायचं असतं, ही सवयच गावाला नाही.

शिमगा जवळ आला तशी प्राजक्ता कॅमेरे न्यायला परत आली. येसाजीनं तिला चहा दिला, पाणी दिलं आणि सांगितलं, "न्हेता यायचं न्हाई."

"मामा, माझं सगळं काम त्याच्यात हाय!"

"झाडाला टेकलं नव्हं? देवाचं झालं."

"मग नुसते फोटो तरी न्हेऊ द्या."

"फोटो कुठं काढले?"

"रानात."

"मग ते बी रानातलंच."

गाव मांडावर जमलं. मांड म्हणजे गावाची बसायची मोकळी जागा. महाबळेश्वर म्हणाला, पोरीचं नुकसान नको, गपचूप कॅमेरे देऊन टाकावेत. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो म्हणाला, कॅमेरे सुटत असतील तर छत्रीचंही बघावं. त्याला खाली बसवण्यात आलं. कुणीतरी तोड काढली, परत कौल लावावा. माना हलू लागल्या.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गिरजाक्का उठली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा ती येसाजीकडं बघून बोलली.

"लावा की. डब्यांसाठी दोनदा इचारा देवाला. भैनीच्या घरासाठी एकदाबी इचारलं न्हाई."

ती खाली बसली. येसाजी म्हणाला, सकाळी बघू, आणि बैठक उठली.

सकाळी तो प्राजक्ताला घेऊन रानात गेला. म्हणाला, "त्यात काय हाय ते मला आधी दाव. मग काय ते ठरवू." कॅमेऱ्याला फोटो दाखवणारी एक बारकी काच होती. प्राजक्तानं तो झाडावरून न सोडता उघडला, आणि दोघं बुंध्यापाशी उकिडवे बसून बघू लागले.

पिसोरी आली. साळिंदर आलं. उदमांजर आलं. मग पूजेला जाणारा येसाजी आला, पाठमोरा, पाठ खाजवत. पुढच्या फोटोतही तो पाठच खाजवत होता. प्राजक्तानं ओठ दाबून धरले. येसाजी म्हणाला, "फुडं चल."

पुढं गिरजाक्का होती.

उजाडतानाचा फोटो, नुसता करडा. तिच्या हातात कोयता. पुढच्या फोटोत ती आडव्या किंदळावर बसलेली, कोयता मांडीवर. त्याच्या पुढच्यात तशीच बसलेली, आणि पुढच्यातही तशीच. कोयता तिनं झाडाला टेकवला नव्हता, जमिनीलाही नाही. मग ती उठलेली. हातात कोयता, दुसरा हात रिकामा. कॅमेऱ्याच्या तोंडासमोरून शिवेचा दगड दिसत होता. शेवटच्या फोटोत त्या दगडापाशी उभी राहून ती लुगडं झटकत होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, आणि ती ओच्याचा एकेक पदर सोडवून झटकत होती.

येसाजी काचेवर आणखी वाकला. त्याला वाईट वाटत होतं. नियम आपण राखतो असा त्याचा इतकी वर्षं समज होता.

"मामा, माणसांचे फोटो आम्ही ठेवत न्हाई," प्राजक्ता हळू म्हणाली. "बायका लाकडाला येतात, कशाला येतात, ते कुणाला दिसू नये. आमचा तसा नियमच हाय."

"पूस," येसाजी म्हणाला. तिनं तिथंच पुसले. त्याची पाठही पुसली गेली.

रानातून तो परस्पर खालच्या आळीत गेला. गिरजाक्का अंगणात वाल सोलत होती. तिनं वर बघितलं नाही.

"अक्का, चल. कौल लावायचाय."

"डब्यांचा लाव जा."

"आधी तुझ्या आढ्याचा. मग डब्यांचा."

गिरजाक्कानं वाल खाली ठेवले, पदर खोचला आणि ती निघाली.

गाव परत गोळा झालं. येसाजीनं पाकळ्या लावल्या, सगळ्यांना दिसेल अशा, आणि मोठ्यानं विचारलं, "गिरजाला पडल्या किंदळाची फांदी न्हेऊ द्यायची का?" त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे गावाला माहीत नव्हतं.

डावी पाकळी पडली.

येसाजीचा चेहरा उतरला. बहिणीकडं बघायची त्याची छाती होईना. तिला आता दोनदा नाही म्हटल्यासारखं झालं होतं.

गिरजाक्कानं दगडाला हात जोडले आणि ती येसाजीकडं वळली. "झालं तर," ती म्हणाली. "न्हाई म्हणायचंच हुतं तर देवानं म्हणायचं. तू कोण म्हणणारा?" मग प्राजक्ताकडं बोट करून म्हणाली, "हिचं इचार आता. सकाळधरनं उपाशी हाय पोर."

प्राजक्ताची पाकळी उजवी पडली. पोरीचे डोळे भरले. महाबळेश्वरानं छत्रीचं विचारायला तोंड उघडलं होतं, पण गिरजाक्कानं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं ते मिटलं.

बाहेर पडताना शिवेपाशी सगळे उभे राहून कपडे झटकू लागले. प्राजक्ता कॅमेऱ्यांचे पट्टे झटकत होती. येसाजी बहिणीशेजारी उभा राहून टॉवेल झटकत होता. टॉवेलाला काही लागलेलं नव्हतं, तरी झटकत होता.

"अक्का," तो म्हणाला, "माझ्या परसातला फणस काढू. जुना हाय, आढ्याला चांगला बसंल."

"त्याला बी कौल लावणार?"

"त्याला कशाला? तो माझा हाय."

गिरजाक्कानं ओच्याचं कुसळ काढून रानाच्या बाजूला टाकलं.

"मग वरीसभर कुठं हुता तो?"

फणस परसातच होता. येसाजी खाली मान घालून टॉवेल झटकत राहिला.