सात वाजता स्टँडपर्यंत चालणे

माझ्या मावसभावाइतका खरं बोलणारा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी मिळायचा नाही. तशी माझी खात्री माझ्या मुलीच्या साखरपुड्यातच पटली. साखरपुडा व्याह्यांच्या घरी होता आणि श्रीखंड घरी केलंय, हे विहीणबाई सकाळपासून ज्याला त्याला सांगत होत्या. पंगतीत त्यांनी मुलीचा मामा म्हणून त्यालाच कौतुकानं विचारलं, "काय मामा, बेत कसा झालाय?" मामांनी पानाकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "भात कच्चा आहे. आमटीत मीठ जास्त आहे. श्रीखंड चांगलं आहे, पण ते विकतचं आहे." विहीणबाईंनी श्रीखंडाचं पातेलं उचललं आणि आत नेलं.

तो तासगावला मावशीजवळ, म्हणजे त्याच्या आईजवळ राहतो. वय पंचेचाळीस, लग्न नाही. एका व्यापाऱ्याच्या गोदामात बेदाणा निवडतो. हिरवा, पिवळा, काळपट असे ढीग त्याच्यासमोर आपोआप पडल्यासारखे पडतात. त्याचे शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मशीन चुकतंय, पर ह्यो चुकत न्हाई." बेदाण्याच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, आडत्यांना नमुन्याचा माल मुठीनं उधळायची खोड असते. ती त्याला सहन होत नसे. गोंगाट नको म्हणून कानांत कापूस घालून तो तिथं जाई आणि लोकांच्या पायांमधून एकेक दाणा वेचत राही. एकदा तर त्यानं एका आडत्याचा उगारलेला हातच धरला. "हे कुणीतरी वर्षभर वाढवलेत," तो म्हणाला. आडत्या कळवळून म्हणाला, "आरं सोड की गड्या, हात हाय का पक्कड!" त्याच्याकडे सहा शर्ट आहेत, सहाही निळे, आणि सगळ्यांच्या कॉलरमागची चिठ्ठी कापलेली. घरातून निघताना तो कुलूप आठ वेळा ओढून बघतो. मावशी म्हणते, "आरं, चोराला कशाला तरास, तूच तोडशील त्ये."

चाळिशी उलटल्यावर सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑटिझम आहे असं निदान केलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी शाळेच्या कार्यालयात काम करते, मला प्रत्येक कागदाला एक फाईल लागते. त्याचा निळा शर्ट, लग्नघरात भांड्यांच्या खोलीत जाऊन बसणं, कुलूप, कापूस, सगळं मी त्या एका फाईलमध्ये लावून टाकलं. बाईंनी आणखीही एक सांगितलं होतं, की अशा माणसांना चिंतेचा आणि नैराश्याचा आजारही जडू शकतो, लक्ष ठेवा. ते मी वहीत लिहून घेतलं, पानाच्या अगदी तळाशी.

मार्च महिन्यात एका दुपारी त्याचा फोन आला. तो आपणहून फोन करत नाही, म्हणून मी काम सोडून उचलला. "ताई, सकाळी उठावंसं वाटत नाही," तो म्हणाला. "बेदाणे सगळे सारखेच दिसतात."

या माणसाला बेदाणे सारखे दिसतात, हे ऐकून कुणीही पुढची गाडी पकडली असती. मी म्हणाले, "अरे, तुला दिनक्रम नाही म्हणून असं होतं. थांब, मी लिहून पाठवते." तासाभरात चौदा कलमांची यादी मोबाईलवर रवाना केली. साडेपाचला उठणे. सहाला अंघोळ. सातला स्टँडपर्यंत चालणे. तिथून पुढं रात्री झोपेपर्यंत. मलाच ती इतकी आवडली, की घरी सगळ्यांना वाचून दाखवली.

त्यानं ती कागदावर उतरवून भिंतीला चिकटवली आणि दुसऱ्या दिवसापासून पाळायला लागला. दर रविवारी मी फोनवर विचारी, "सगळं केलंस?" तो म्हणे, "सगळं केलं." ते खरंच असे. मी नातेवाइकांत मिरवत होते की बघा, शिस्त लावली की माणूस कसा मार्गाला लागतो. मावशी एकदा म्हणाली होती, "अगं, करतोय समदं, पर त्यो घरात हाय आसं वाटत न्हाई." मी तिला समजावलं, "मावशी, त्या ऑटिझममध्ये तसंच असतं."

सप्टेंबरात मावशीचा फोन आला. तो सकाळी सातला स्टँडवर गेला होता, अकरा वाजले तरी उठत नव्हता. मी साताऱ्याहून निघाले आणि अडीचला पोचले. तो सिमेंटच्या बाकावर बसला होता. शेजारी कुणीतरी आणून दिलेला चहा गार झाला होता. मला यादीशिवाय दुसरं काही सुचेना. मी विचारलं, "अरे, परत येणे, हे लिहायचं राहिलं का माझ्याकडून?"

तो नेहमीप्रमाणे माझ्या पर्सकडे बघत म्हणाला, "परत यायचं असतं ते मला कळतं, ताई. एवढं कळतं मला. पण आज उठता येत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सांगलीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कधीपासून?" तो लगेच म्हणाला, "ताईला मार्चमध्ये सांगितलं होतं." तक्रार नव्हती. विचारलं म्हणून त्यानं महिना सांगितला. मी घाईनं म्हणाले, "पण बाई, हा सगळं वेळच्या वेळी करत होता हो!" त्या म्हणाल्या, "करत होते, म्हणूनच कुणाला दिसलं नाही."

आता गोळ्या चालू आहेत. काही आठवडे तो गोदामात जातो, काही आठवडे अंथरुणातून उठत नाही. गेल्या महिन्यात मी तासगावला गेले होते. निघायच्या आधी पहिल्यांदाच त्याला विचारलं, "तुला कसं वाटतंय रे?" तो माझ्या पर्सकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सांगतो. पण मला वेळ लागेल."

माझी नजर घड्याळाकडे गेली. ती त्यानं पाहिली. "जा तू," तो म्हणाला, "गाडी जाईल."

मी पर्स खाली ठेवली आणि त्याच्याजवळ बसले. अंधारून येईपर्यंत बसले होते. त्या दिवशी तो काही बोलला नाही.