शून्य बारा गुणिले शून्य छत्तीस

पनवेलचं घर घेतलं तेव्हा बाथरूमला टाइल्स किती लागतील, हे मीच काढायचं ठरवलं. आमचा गवंडी जवळच्या नेरे गावचा, पन्नाशीचा माणूस. "साहेब, मी नुस्ता बघून सांगतो," असं तो म्हणालाही होता. पण इतकी वर्षं सॉफ्टवेअरवर पोट भरल्यावर भिंत नुसती बघणं मला कमीपणाचं वाटलं.

बायकोच्या मॅकवर टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून मी दोन ओळी लिहिल्या. किती थर, एका थरात किती टाइल्स, दोन्हींचा गुणाकार. आकडे एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून सगळेच तीन अंकी लिहायची माझी जुनी खोड. बाराचे 012, छत्तीसचे 036. उत्तर आलं. त्या ओळी मी स्वतःलाच मेल केल्या आणि उत्तर विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी टाइल्सच्या दुकानात माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर त्याच ओळी पेस्ट केल्या. उत्तर : 300. तेवढ्या टाइल्स मागवल्या.

चार दिवसांनी गवंडी बाहेर आला. "साहेब, टाइल संपली, भिंत हाय."

जाऊन पाहिलं तर टाइल्स माझ्या हनुवटीपाशी थांबल्या होत्या. "फुटल्या असतील बऱ्याच," मी म्हणालो.

"एक पन नाय फुटली."

मी विश्वास ठेवला नाही. त्याच्यासमोर लॅपटॉप उघडून गुणाकार दाखवला. तेवढ्यात बायकोने तिच्या मॅकवर त्याच ओळी चालवल्या. तिचं उत्तर 432.

"अरे, बारा छत्तीस तीनशे होतात का? तू शाळेत गेला होतास ना?"

मग फक्त 012 लिहून पाहिलं. तिचा मॅक म्हणाला बारा, माझा लिनक्स म्हणाला दहा. टाइप केलेल्या ओळी चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल, आणि माझ्या लिनक्सचा शेल बॅश. आकड्याच्या पुढे शून्य दिसलं की तो आकडा आठांच्या पटीत मोजायचा आहे असं बॅश धरतो, म्हणून त्याच्या लेखी बारा म्हणजे एक आठ आणि वर दोन, दहा; छत्तीस म्हणजे तीन आठ आणि वर सहा, तीस. मॅकचा झी-शेल त्या शून्याकडे लक्षच देत नाही. दोघंही युनिक्सच्याच कुळातले, पण रीतभात ज्याची त्याची. हे मला नोकरीत माहीत असायला हवं होतं, आणि खरं तर होतंही.

गवंड्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "आवो, शून्य लिवायचाच कशाला?"

कमी पडलेल्या टाइल्स मागवल्या, त्या आल्या जरा गडद हिरव्या, आधीची छटा संपली होती. गवंड्याने वरचे चार थर त्यांचेच लावले आणि मध्ये पांढरी पट्टी घातली. कोन गावचे साडू पाहुणे म्हणून आले तेव्हा बाथरूममधून बाहेर येत म्हणाले, "डिझाइन भारी आहे. कुणाला बोलावलं होतं?"

बायको म्हणाली, "घरचंच आहे."